त्याच्या अंगणातला धवला

एक काळ असा होता की चौकपासून कर्जतपर्यंत माझ्या गाण्यांवर नाचल्याशिवाय कुणाची हळद साजरी व्हायची नाही. टेंपोवर मी, डीजेवर मी, पोरांच्या मोबाइलवर मी. त्यात माझा आवाज किती होता, ते मात्र एकाच माणसाला ठाऊक होतं. शिळफाट्यावर त्याचा स्टुडिओ. मी ओळ म्हटली की काचेपलीकडून त्याचा हात वर जायचा, "कट! पयल्यापासून." वरच्या सुरावर माझा आवाज फाटतो, लहानपणापासूनच. तिथे तो मशीन लावून आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट करायचा.

तेवढं मी चालवून घेतलं असतं. पण एकदा चौकच्या ढाब्यावर, मी समोर बसलेली असताना, चार लोकांत तो म्हणाला, "हिच्यात काय हाय? मशीन काढलं तर कुत्रं पण थांबायचं नाय." सगळे हसले. मीही हसले. त्याच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

त्याच दिवशी ठरवलं, याला माझा फाटका आवाज ऐकवीन, आणि शेवटपर्यंत ऐकायला लावीन.

डीजेची गाणी सोडली. साजगावची माझी मावशी धवलारीण. लग्नात हळद लागण्याआधी, ढोलकी नाही की पेटी नाही, नुसत्या गळ्यावर धवला गाऊन ती सगळ्या देवांना आवतण देते. धवला संपल्याशिवाय नवरीला हळदीचं बोट लागत नाही. तिच्याकडे मी तीन वर्षं शिकले. माझ्या फाटक्या आवाजाचं तिला काहीच वाटलं नाही. "गळा हाय का फरशी? गुळगुळीत कशाला पायजे?" म्हणाली. मग चार धवले मी मोबाइलवरच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकले. लोकांनी खाली लिहिलं, बाई संपली. तो तिकडे पोट धरून हसत असणार, हे मला कुणी सांगायला नको होतं.

यंदा त्याच्या मुलीचं लग्न निघालं. डीजे त्याचा स्वतःचा, पण धवल्याशिवाय हळद नाही हा त्याच्या आईचा हट्ट. आवतण मावशीला आलं. मावशीचा घसा धरल्याचा निरोप मी पाठवला आणि तिच्या जागी मी गेले. मावशीचा घसा ठणठणीत होता.

भर दुपारी मांडवात मला पाहून त्याचं तोंड उतरलं. कुणीतरी माइक पुढे केला, मी तो बाजूला ठेवला. डीजे बंद करायला लावला. गावदेवी झाली, शिवेवरचे देव झाले, आणि वरच्या सुरावर आवाज नेहमीच्या जागी फाटला. सवयीने त्याचा हात वर गेला.

"आवर गं जरा," तो म्हणाला, "पोरी ताटकळल्यात."

मी थांबले. "दादा, तुमी धवला मधीच तोडला. आता पयल्यापासून."

असा काही नियम मावशीने मला कधी सांगितला नव्हता. मी तो तिथेच केला. तो हसायला गेला, तेवढ्यात पाटाशेजारून त्याची म्हातारी आई कडाडली, "गप उभा रा रं! पोरीच्या हळदीत इघ्न नको. गा गं बाय, पयल्यापासून गा."

हळदीचं जड पितळी ताट तिने त्याच्याच हातात दिलं. मी सावकाश गायले, एकही देव गाळला नाही. त्याचे हात भरून आले होते. मला दिसत होतं, आणि मला जराही दया आली नाही. ती जागा परत आली. आवाज फाटला, पहिल्यापेक्षा जास्त. म्हातारीने डोळे मिटून त्यातच आपला सूर मिसळला, मग मागच्या बायांनी. मी मात्र त्याच्यावरची नजर काढली नाही. त्याचा एक हात ताटाखालून सुटला, थोडा वर आला, आणि मुकाट्याने परत ताटाखाली गेला.