आजाराला नाव होतं

नीलिमा कर्णिक गेल्याची बातमी गुडगावच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा मी वृत्तसंस्थेच्या डेस्कवर सकाळच्या पाळीला बसले होते. ती फार दिवस काढणार नाही हे माहीत होतं. आदल्या आठवड्यात गुडगावला जाऊन तिला भेटून आले होते. तेव्हा तिचं बोलणं थांबलं होतं, नुसती बघत होती... त्यामुळे धक्का बसला तो बातमीचा नाही, तिच्या मजकुराचा. 'आपल्या मंडळाच्या जुन्या सभासद सौ. नीलिमा श्रीधर कर्णिक यांचे आज पहाटे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मराठी वर्तमानपत्रांत 'अल्पशा आजाराने' हे शब्द निधनाच्या बातमीला इतके चिकटलेले असतात की ते कुणी वाचत नाही. माणूस दोन दिवसांच्या तापाने जावो नाहीतर वर्षानुवर्षं अंथरुणावर खिळून, आजार अल्पसाच. नीलिमाचा आजार चार वर्षांहून जास्त चालला. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, रेडिएशन झालं, मधे बरा काळ गेला आणि मग आजार हाडांत उतरला. त्या वर्षांत तिने काही काम केलं असेल, तर ते या आजाराचं नाव घेण्याचं. स्तनाचा कर्करोग. ते नाव तिने याच ग्रुपवर, याच माणसांसमोर लिहिलं होतं. आणि तिच्या मृत्यूच्या बातमीतून त्यांनी नेमकं तेच काढून टाकलं.

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये आमची घरं समोरासमोर होती. दोघींचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. घरात मराठी, जिन्यात हिंदी, असं आमचं लहानपण. त्या वसाहतीत नोकरी म्हणजे सरकारी, हे गृहीतच होतं. पण आम्ही कॉलेजातून बाहेर पडलो त्या सुमारास हवा बदलली, खासगी नोकऱ्या खुल्या झाल्या. नीलिमाने परीक्षा-बिरीक्षा सोडून दिल्या आणि पुढे गुडगावच्या एका कॉल सेंटरमध्ये व्हॉइस ट्रेनर झाली. परदेशातल्या अनोळखी माणसाशी फोनवर कसं बोलायचं, ते नव्या मुलामुलींना शिकवायचं. 'पहिल्या वाक्यात मुद्दा कळला नाही तर समोरचा फोन ठेवतो,' हे ती इतक्यांदा सांगे की घरीही तसंच बोलायला लागली. श्रीधरशी लग्न झाल्यावर त्यांनी तिथेच फ्लॅट घेतला. तेव्हा त्यांच्या टॉवरच्या तिन्ही बाजूंना मोहरीची शेतं होती, पाणी टँकरने यायचं आणि वीज गेली की जनरेटरच्या धुराने गॅलरी काळी व्हायची. पुणे-मुंबईहून आलेली मराठी घरं एकेक करून एकमेकांना सापडली, क्लबहाउसमध्ये गणपती बसू लागला, मंडळ उभं राहिलं. त्यात नीलिमाचा मोठा वाटा होता. हे मुद्दाम सांगते आहे. ज्यांनी तिचा आजार अल्पसा केला, त्यांना एकत्र आणणाऱ्यांत ती होती.

गाठ तिला अंघोळ करताना लागली. डाव्या बाजूला, वाटाण्याएवढी. ती सोसायटीजवळच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी विचारलं, 'दर्द होता है?' ती म्हणाली, 'नहीं.' 'फिर टेंशन मत लीजिए, इस उम्र में हो जाता है.' त्यांनी हात लावून पाहिलं नाही, सोनोग्राफी सांगितली नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या लिहून दिल्या. घरी सासूबाई म्हणाल्या, दुखत नाही ना, मग उगाच कशाला उकरायचं. जाऊबाई म्हणाल्या, सुई टोचली की पसरतं म्हणे. श्रीधर म्हणाला, ऑडिट संपू दे, मग मोठ्या हॉस्पिटलात जाऊ. यातला एकही माणूस वाईट नव्हता. सगळे शिकलेले, सगळ्यांच्या हातात फोन, घरात दोन गाड्या. आणि तरी आठ महिने गेले. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी, ही एक समजूत एवढ्या शिकलेल्या घरात आठ महिने टिकली, कारण त्या गाठीबद्दल मोठ्याने बोलायला कुणी तयार नव्हतं. निदान झालं तेव्हा काखेत पसरलेलं होतं. नीलिमाने डॉक्टरांना विचारलं, आधी आले असते तर? डॉक्टर तरुण होत्या. त्या म्हणाल्या, 'बहुत फ़र्क पड़ता.'

त्या वाक्याने नीलिमा बदलली. रडून झाल्यावर बदलली, असं म्हटलं पाहिजे.

शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी आम्ही दोघी करोल बागच्या बाजारात गेलो. एक बाजू काढल्यावर वापरायची, आत उशी घातलेली ब्रेसियर तिला हवी होती. दुकानाच्या दर्शनी काचेत डझनभर प्लास्टिकच्या बायका नुसत्या अंतर्वस्त्रांत उभ्या होत्या. गल्ल्यावर पुरुष, माल दाखवायला पुरुष. नीलिमाने स्पष्ट आवाजात सांगितलं, 'भैया, कैंसर का ऑपरेशन हुआ है. एक साइड का पैड वाला चाहिए.' दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकली. मालक पुढे वाकून कुजबुजला, 'मैडम, ज़रा धीरे बोलिए, लेडीज़ खड़ी हैं.' नीलिमाने एकदा काचेकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. 'इनको भी सुनने दीजिए,' म्हणाली, 'इनके तो कान ही नहीं हैं.' बाहेर येऊन आम्ही हसलो खऱ्या, पण रिक्षात बसल्यावर ती एकदम म्हणाली, 'विकायला चालतं गं. दाखवायला चालतं. बोलायला चालत नाही.'

त्याच आठवड्यात तिने मंडळाच्या ग्रुपवर पहिली पोस्ट टाकली. साध्या मराठीत, कसलीही सजावट न करता. स्तनात किंवा काखेत गाठ लागली, आकार बदलला, कातडीला खळगा पडला, बोंडातून स्राव आला, तर दुखण्याची वाट पाहू नका, डॉक्टरांकडे जा. तासाभरात पोस्ट गायब झाली. ग्रुपच्या ॲडमिन आणि मंडळाच्या चिटणीस वर्षा वहिनींचा तिला फोन आला. नीलिमाने फोन स्पीकरवर ठेवला होता, मी समोर बसले होते.

'नीलिमा, उद्देश चांगलाच आहे गं तुझा. पण ग्रुपवर पुरुष पण आहेत ना.'

'त्यांच्या घरात बायका नाहीत का?'

'तसं नाही. तो एक शब्द बदल फक्त. महिलांचे विकार म्हण. बिल्कुल डिसेंट वाटेल.'

'वहिनी, गुडघे दुखणं हा पण महिलांचा विकार आहे. मग गुडघे चाचपायचे का?'

वहिनींना हसू आलं. पण पोस्ट परत आली नाही. त्या महिन्यात ग्रुपवर सगळ्यांनी आपापल्या फोटोभोवती या आजाराच्या जागृतीची गुलाबी रिबीन लावली होती. रिबीन चालत होती. ती कशासाठी आहे, हे लिहिणं चालत नव्हतं. नीलिमा म्हणायची, आपल्याकडे बाई मुलाला 'अंगावर' पाजते. अख्खं अंग सांगितलं, पण त्या जागेचं नाव नाही घेतलं. ज्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला काही झालं तर सांगणार काय आणि कुणाला?

मग तिने ओट्यावर फोन टेकवून एक व्हिडिओ केला. परातीत कणीक. ती मळते आहे आणि प्रशिक्षण वर्गातल्या त्या स्वच्छ, ठाम आवाजात बोलते आहे. कणीक मऊ झाल्यावर ती आत एक चिंचोका दडवते, गोळा फिरवते आणि म्हणते, 'आता डोळे मिटा. मधली तीन बोटं घ्या. टोकाने टोचायचं नाही, पेरं चपटी ठेवायची, लहान लहान गोल फिरवत जायचं. लागलं काही? कणीक ओरडली का? नाही ना! गाठ बहुतेकदा अशीच असते, न दुखणारी. आता हीच बोटं घेऊन अंघोळीला जा. काखेपर्यंत जा. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण कुठली कसली हे बोटांना कळत नाही, तपासणीला कळतं.' व्हिडिओवर तिने एवढंच लिहिलं होतं : 'कणकेत गाठ राहिली तर...'

वर्षा वहिनींनी पहिली काही सेकंदं पाहिली, मऊ पोळ्यांची कृती समजून अंगठा दाखवला आणि पुण्या-नाशिकच्या सगळ्या नातलगांना तो पुढे पाठवून दिला. ग्रुपवर एकीने विचारलं, तेल किती घालायचं? दुसरीने विचारलं, इथल्या आट्याला पाणी जास्त लागतं का? मग हळूहळू ग्रुप शांत झाला... संध्याकाळी वहिनींचा फोन. 'अगं काय हे! मी सासूबाईंना पाठवलं ना!'

'बघितलं का त्यांनी शेवटपर्यंत?'

'बघितलं.'

'मग? काय म्हणाल्या?'

'म्हणाल्या, ही बाई शहाणी आहे. कोण आहे?'

तो व्हिडिओ पाककृतींच्या ग्रुपांमधून फिरत राहिला. जिथे तिचा शब्द चालत नव्हता, तिथे तिची कणीक चालली. अनोळखी बायका तिला लिहू लागल्या. फरिदाबादच्या एका शिक्षिकेची गाठ लहान असताना सापडली, उपचार झाले, त्या बाई आज शाळेत जातात. तिथल्याच दुसऱ्या एका बाईच्या नवऱ्याने उत्तर पाठवलं, 'आमच्या घरी असले मेसेज पाठवू नयेत.' नीलिमाने दोन्ही मला दाखवले. दुसऱ्यावर म्हणाली, 'याच्या बायकोने बघितलं ना, तेवढं पुरे.'

अशा बाईच्या मृत्यूच्या बातमीत 'अल्पशा आजाराने'. मी डेस्कवरून उठून वहिनींना फोन केला आणि मजकूर बदलायला सांगितलं.

'मी नाही गं लिहिला,' त्या म्हणाल्या. आवाज रडून बसलेला होता. 'श्रीधरच्या थोरल्या भावांनी पाठवला, मी टाकला.'

'पण तुम्हाला माहीत होतं.'

'सगळ्यांनाच माहीत आहे. माहीत असणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. ईशाचं बघतायत ना... पुण्याचं स्थळ आहे. आईला कॅन्सर म्हटलं की लोक मागे सरतात.'

ईशा नीलिमाची एकुलती मुलगी. नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झालेली. आईला हा आजार झाला, तर मुलीने डॉक्टरांना दाखवावं, आपली तपासणी केव्हा सुरू करायची ते विचारावं, हे नीलिमाने स्वतः तिला सांगून ठेवलं होतं. ईशाने वेळही घेतली होती. ती तिच्या काकांनी रद्द करायला लावली. तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर? लग्न होऊ दे, मग बघू. 'मग बघू'... नीलिमाचे आठ महिने याच दोन शब्दांत गेले होते. एका घरात तीच चूक दुसऱ्यांदा होत होती, आणि या वेळी तिला अज्ञान म्हणायचीही सोय नव्हती.

तेराव्याला मी गेले. हॉल भरलेला होता. फरशीवर बसलेल्या एका नात्यातल्या बाईंनी नीलिमाच्या थोरल्या दिरांना विचारलं, नक्की झालं काय होतं हो? ते म्हणाले, काही नाही, अल्पसं आजारपण. ईशा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे खाली ठेवला.

'आजी, स्तनाचा कर्करोग. गाठ दुखत नव्हती म्हणून सगळ्यांनी आठ महिने घालवले.'

'ईशा, आत जा,' काका म्हणाले.

'जाते. आत जाऊन हेच लिहिणार आहे.'

श्रीधर भिंतीला टेकून बसला होता. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा बोलला. 'दादा, लिहू दे तिला. माझं ऑडिट होतं तेव्हा.'

थोड्या वेळाने हॉलमधले फोन एकामागून एक वाजले. ईशाने मंडळाच्या ग्रुपवर आईच्या मृत्यूचं कारण लिहिलं होतं, आईचे वाया गेलेले महिने लिहिले होते आणि शेवटी लिहिलं होतं की मी गुरुवारी तपासणीला जाते आहे. कुणी हात जोडले नाहीत. मग वर्षा वहिनींचं एक वाक्य आलं : 'मीपण येते. मी कधीच केलेली नाही.' पोस्ट त्यांनी काढली नाही.

ईशाला काही निघालं नाही. पुढे कधी आणि काय तपासायचं ते डॉक्टरांनी सांगितलं आहे. पुण्याच्या स्थळाचं काय झालं, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

परवा तिच्याकडे गेले तर ती नीलिमाचा फोन घेऊन बसली होती. तो फोन बंद करायला तिने नकार दिला आहे, कारण व्हिडिओ अजून फिरतो आहे आणि बायका अजून लिहितात. तिने मला आईची जुनी उत्तरं दाखवली. शेकड्यांनी उत्तरं, पण त्यांत 'काळजी घ्या' नाही, 'सगळं नीट होईल' नाही. प्रत्येक बाईला तिने एकच प्रश्न विचारला होता : 'डॉक्टरांकडे कोणत्या वारी जाणार? वार सांगा.' उत्तर येईपर्यंत रोज तोच प्रश्न. आम्ही ते वाचत असतानाच एका अनोळखी बाईचा निरोप आला. गाठ आहे, पण दुखत नाही. ईशाने लिहिलं, 'वार सांगा.' तिकडून लगेच उत्तर आलं, 'घरात पाहुणे आहेत, दिवाळीनंतर बघते.'

ईशाने फोन दोन्ही हातांत नीट धरला आणि टाइप केलं, 'दिवाळीनंतर हा वार नाही.'