पाच हजारांचं स्टिकर

माझी काकू जिन्याखाली बसते. मोबाइल मार्केटमधल्या आमच्या दुकानाला पोटमाळा आहे, पोटमाळ्यावर चढायला लाकडी जिना आहे, आणि त्या जिन्याच्या पोटात जी तिरकी जागा उरते तिथे एक टेबल, एक वाकणारा दिवा आणि काकू एवढंच मावतं. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून ती कुणासाठीही उभी राहत नाही. मोठं गिऱ्हाईक आलं तरी नाही, खुद्द दुकानमालक आला तरी नाही. मान द्यायचा तर टेंगूळ घ्यावं लागेल, त्यापेक्षा बसूनच बोलते, असं ती तोंडावर सांगते.

दुकानमालक म्हणजे माझे बाबा, तिचे धाकटे दीर. काकू आधी टॉर्चचे सेल बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीवर होती. कारखाना बंद पडला तेव्हा तिने घरी बसायला साफ नकार दिला, फोनदुरुस्ती शिकून आली आणि बाबांना म्हणाली, भाऊजी, ती जिन्याखालची जागा मला लागेल. बाबांनी ती उपकार म्हणून दिली. काकूने ती हक्क म्हणून घेतली. सगळा घोळ तिथूनच.

कारखान्यातून ती एक खोड घेऊन आली होती. कुठलीही नवी बॅटरी बसवायच्या आधी ती पूर्ण भरते, मीटरला जोडते आणि पार रिकामी होईपर्यंत गळू देते. जेवढं गळलं तेवढं आत होतं, एवढा साधा हिशेब. पण यात अख्खी सकाळ जाते. गिऱ्हाईक चहा पिऊन येतं, समोरच्या दुकानांतली कव्हरं बघून येतं, वैतागून पुन्हा चहा पिऊन येतं, आणि मीटर आपलं चालूच. मार्केटातले बाकीचे दुरुस्तीवाले तेवढ्या वेळात दहा जणांना वाटेला लावतात. त्यांनी काकूचं नाव 'मीटरबाई' पाडलं. काकूने पेंटरला बोलावून तेच पाटीवर लिहून घेतलं.

तर गेल्या वर्षी बाबांनी 'महाबली' आणली. अख्ख्या मार्केटात तिची एजन्सी एकट्या बाबांकडे. काळ्या स्टिकरवर सोनेरी अक्षरं आणि खाली भला मोठा आकडा: पाच हजार. बॅटरीत किती वीज मावते त्याचा हा आकडा. आमच्याकडे सगळ्यात जास्त येणाऱ्या फोनच्या मूळ बॅटरीवर तीन हजार लिहिलेलं असतं. महाबली तेवढीच लांब, तेवढीच रुंद, तेवढीच जाड, आणि म्हणे पाच हजार.

काकूने पहिली बॅटरी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, "उरलेले दोन हजार कुठे ठेवलेत? वरच्या माळ्यावर?"

बाबा लबाड नाहीत, हे मी त्यांची मुलगी म्हणून नाही, त्यांच्या गल्ल्यावर बसते म्हणून सांगते. त्यांनी महाबली स्वतःच्या फोनमध्ये घातली होती. सकाळी शंभर टक्के, दुपारच्या जेवणाला अठ्ठ्याण्णव. ते आकडा दाखवत दुकानभर फिरत. एजन्सी घ्यायच्या आधी त्यांनी केलेली तपासणी एवढीच, आणि ती त्यांना पुरेशी वाटली होती. मग संध्याकाळच्या सुमाराला फोन चाळिसावरून एकदम गप होई, तेव्हा ते फोनला शिव्या देत, बॅटरीला नाही.

काकूने त्यांना समजावून पाहिलं. टक्के काही फोन स्वतः मोजत नाही, बॅटरीतली चिप सांगते ते तो दाखवतो. आणि चिपला काय शिकवायचं ते बनवणाऱ्याच्या हातात.

"नव्या जावयाला विचारा, पोट भरलं का," ती म्हणाली. "तो भरलंच म्हणणार. ताट बघा भाऊजी, ताट."

बाबांना जावई आवडला नाही, ताटही आवडलं नाही. माल तर धडाधड जात होता. फक्त एक पंचाईत होऊन बसली होती. लोक काउंटरवर महाबली विकत घेत आणि मग तीच हातात घेऊन जिन्याखाली जात, मीटरबाई जरा मोजा म्हणून. एकाच दुकानात बाबा विकणार आणि तीन पावलांवर काकू मोजणार.

पहिला भडका उडाला तो नर्सताईंमुळे. त्या घरोघर जाऊन म्हाताऱ्या पेशंटांना इंजेक्शनं देतात, जखमा बांधतात. सकाळी निघाल्या की अंधार पडेपर्यंत चार्जरची गाठ नाही. त्यांनी बाबांकडून घेतलेली महाबली घाईत बाहेरच दुसऱ्याकडून बसवून घेतली होती, आणि एका पेशंटच्या इमारतीच्या खाली उभ्या असताना फोन मेला. पेशंट वर एकटा, त्याची मुलगी फोन करून करून रडकुंडीला आलेली, दार कुठलं ते कळायला मार्ग नाही. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात आल्या त्या थेट गल्ल्यावर.

बाबा म्हणाले, ताई, तुम्ही फोन फार वापरता हो.

"मग काय करू?" नर्सताई म्हणाल्या. "कपाटात ठेवू? तिथे टिकेल ना?"

जिन्याखालून काकू हसली. हसायला नको होतं, पण हसली, आणि चांगली मोठ्यांदा हसली.

घरी चहाच्या वेळी बाबांनी विषय काढला. आम्ही सगळे एकाच घरात राहतो, वर आम्ही, खाली काका-काकू, त्यामुळे भांडायला कुणाला लांब जावं लागत नाही. बाबांचं म्हणणं सरळ होतं. जागा माझी, माल माझा, आणि माझ्याच छपराखाली बसून माझ्या मालाची झडती घेतली जाते. उद्यापासून महाबली मीटर न लावता बसवायची. नाहीतर जागा रिकामी करायची. काका पेपर वाचत होते. बाबांनी त्यांना मध्ये ओढायचा प्रयत्न केला तर ते म्हणाले, मला कशाला विचारतोस, मीसुद्धा सकाळी शंभर दाखवतो आणि जेवण झालं की बंद पडतो.

काकूने कप खाली ठेवला.

"मीटर काढणार नाही आणि जागाही सोडणार नाही," ती म्हणाली. "तिसरं काही असेल तर बोला, भाऊजी."

बाबांचा तोल गेला. मग होऊन जाऊ दे सगळ्यांसमोर, ते म्हणाले. लोकांदेखत मोजा. महाबली जिंकली तर मीटर कायमचा बंद. काकू म्हणाली, कबूल, आणि हरली तर पुन्हा जागेचं नाव काढायचं नाही. बाबा म्हणाले, कबूल. दोघंही इतकी तावातावाने कबूल झाली की जिंकणं म्हणजे काय, हे ठरवायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. घरात एवढी माणसं, एकालाही सुचलं नाही.

रविवारी सकाळी मार्केट उघडलं तसे लोक जमले. दुरुस्तीवाले तर झाडून सगळे आले, कारण महाबलीची एजन्सी बाबांना मिळाली याचा राग प्रत्येकाच्या पोटात होता. सीलबंद खोक्यातून बॅटरी नर्सताईंनी आदल्या संध्याकाळीच स्वतः निवडली होती. काकूने ती तेव्हाच सगळ्यांसमोर भरायला लावून ठेवली होती. टेबल जिन्याखालून ओढून दुकानाच्या तोंडाशी आणलं गेलं. काकूने बॅटरी मीटरला जोडली आणि हात पदराला पुसले.

मग काहीच झालं नाही. म्हणजे आकडा सरकत राहिला आणि लोक बघत राहिले. बॅटरी गळताना बघणं हे काही फार रंगतदार नसतं. कुणी क्रिकेटच्या गप्पा काढल्या, कुणी बाबांना टोमणे मारले, चहावाल्याचं मात्र फावलं. एक दुरुस्तीवाला छातीठोकपणे सांगत होता की दोन हजारांवर जीव सोडेल, लिहून घ्या. दोन हजार आले आणि गेले. तो चहा आणायला गेला. अडीच हजार गेले. बाबा खुर्चीवरून उठून टेबलाजवळ आले. तीन हजारांचा टप्पाही गेला, मीटर चालूच. काकूने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

तीन हजार तीनशेच्या जरा पुढे मीटर थांबला.

बाबांनी दोन्ही हात वर केले. मूळ बॅटरी तीन हजारांची आणि महाबली तेहेतिसशेची, जिंकली की नाही? दुरुस्तीवाले ओरडले, जिंकली कुठे, स्टिकरवर पाच हजार आहे, दिवसाढवळ्या फसवणूक आहे. एक जण काकूच्या कानाशी वाकला. तिला म्हणाला, मीटरबाई, भंगार आहे म्हणा नि मोकळ्या व्हा, आम्ही आहोत तुमच्या मागे. मला ते ऐकू आलं, म्हणजे बाबांनाही आलं असणार.

काकू उभी राहिली. टेबल जिन्याबाहेर होतं, त्यामुळे त्या दिवशी तिला उभं राहता येत होतं.

"बॅटरी चांगली आहे," ती म्हणाली.

तो कानाशी लागलेला माणूस मागे सरकला.

"मूळ बॅटरीपेक्षा दहा टक्के जास्त देते. एवढ्याच जागेत एवढं देणं सोपं नाही, ज्याने बनवली त्याला काम येतं. मी ही बसवीन. पैसे घेऊन बसवीन. फक्त हे," असं म्हणून तिने नखाने काळ्या स्टिकरचा कोपरा उचलला आणि सरळ सोलून काढला, "हे खोटं आहे."

खालची बॅटरी करड्या रंगाची, उघडी पडल्यासारखी दिसत होती. काकूने पेन घेतलं आणि तिच्यावर तेहेतिसशे असं लिहिलं.

तेव्हा बाबा जे बोलले ते मी आजही खोटं म्हणू शकत नाही. ते ओरडले नाहीत. अगदी हळू, घरच्यासारखं बोलले.

"वहिनी, शेजारच्या दुकानात चार हजार लिहिलेली मिळते, त्याच्या पलीकडे सहा हजार. आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी एकट्याने तेहेतिसशे लिहिलं तर लोकांना वाटेल सगळ्यात फालतू बॅटरी माझी. खरं बोलून मी सगळ्यात लहान दिसेन."

"दिसा," काकू म्हणाली.

"आणि दुकान?"

"भाऊजी, नर्सताई पाच हजारांच्या भरवशावर घराबाहेर पडल्या. तेहेतिसशे आहेत हे माहीत असतं तर दुपारी कुठेतरी अर्धा तास चार्जर लावला असता. बॅटरी कमी पडली नाही त्यांना. आकड्याने दगा दिला."

नर्सताईंनी ती करडी बॅटरी उचलली आणि आपल्या फोनसकट काकूसमोर ठेवली. आतली काढा, ही खरा आकडा लिहिलेली बसवा. दुरुस्तीवाले तोंड पाडून पांगले, कारण त्यांच्याही दुकानांत असल्याच फुगवलेल्या आकड्यांची खोकी होतीच आणि आता ती मोजायला लोक येणार हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. बाबांनी मात्र जाता जाता निकाल लावून टाकला. महाबली मूळपेक्षा जास्त निघाली, म्हणजे जिंकली. मीटर बंद. किंवा जागा रिकामी.

सोमवारी काकू आली तेव्हा जिन्याखाली टेबल दिसतच नव्हतं. महाबलीची खोकी जमिनीपासून तिरक्या छपरापर्यंत रचलेली होती, नुसती भिंत. बाबा आत गोडाऊनमध्ये काहीतरी मोजत असल्याचं दाखवत होते.

काकूने बाबांना हाक मारली नाही. पर्स माझ्या गल्ल्यावर ठेवली, पदर खोचला आणि वरचं खोकं उतरवलं. ते उचलून बाहेर फुटपाथवर, दुकानाच्या दारापासून हातभर अंतरावर ठेवलं. मग दुसरं. टेबल बाहेर निघेल इतकी वाट व्हायच्या आधीच ती थांबली, कारण बाहेर खोक्यांचंच छान कमरेइतकं टेबल तयार झालं होतं. उरलेल्या खोक्यांवरून हात घालून तिने आतला मीटर काढला आणि त्यावर ठेवला. दिवा ठेवला. मग माझ्याकडे बघून हात पुढे केला. मी गल्ल्यामागचा वायरचा बोर्ड ओढून तिच्या हातात दिला. वायर उंबऱ्यावरून बरोबर बाहेर पोहोचली.

बाबा धावत बाहेर आले. वहिनी, हे काय, घरातलं भांडण रस्त्यावर आणलंत, लोक काय म्हणतील?

"लोक विचारतील," काकू म्हणाली. "तुमचाच माल विकतेय. एकही खोकं फोडलं तर त्याचे पैसे तुमच्या मुलीच्या गल्ल्यात टाकीन."

आणि तिने खरंच विकायला सुरुवात केली. माझ्या काकूला इतका मोठा आवाज आहे हे आम्हाला घरात कधी कळलं नव्हतं. महाबली, तेहेतिसशेची, मूळपेक्षा जास्त चालते, या, मोजून घ्या, स्टिकर सोलून मिळेल. आत काउंटरवर बाबा तीच बॅटरी गिऱ्हाइकासमोर धरून पाच हजार, दुप्पट ताकद म्हणत होते. मधे हातभर अंतर. येणारं माणूस उंबऱ्यावर थबकायचं, आत बघायचं, बाहेर बघायचं. एक म्हातारे गृहस्थ तर बाबांना विचारायलाच गेले, अहो, बाहेरची तेहेतिसशेची घेऊ की आतली पाच हजारांची, किंमत तर एकच सांगताय. बाबांनी काउंटरची काच पुसायला घेतली. गृहस्थ बाहेर गेले आणि मीटरसमोर उभे राहिले.

काहींनी आतूनच घेतली, हे सांगायला हवं. मोठा आकडा आवडणारी माणसं संपत नाहीत. एक जण काकूला म्हणाला, तुम्ही स्वतःच माल कमी सांगता, तर कशाला घ्यायचा. काकूने त्याला आत जायचा रस्ता दाखवला, आणि शिवाय, पायरी जपून, म्हणून सांगितलं.

ऊन डोक्यावर आलं. बाबांनी हमालाला बोलावलं, खोकी आत घे म्हणून. हमालाने मीटरला लागलेली गिऱ्हाइकाची बॅटरी बघितली, काकूकडे बघितलं, आणि हे झाल्यावर बघू म्हणून सावलीत जाऊन बसला. बाबा पुन्हा काउंटरवर गेले. पुढचं गिऱ्हाईक आलं. बाबांनी महाबली काढली, काचेवर ठेवली, तोंड उघडलं, आणि बाहेरून काकूचा आवाज आला.

"ही बॅटरी टिकते," बाबा गिऱ्हाइकाला म्हणाले. किती, ते बोलले नाहीत. त्यानंतर दिवसभर त्यांनी एकदाही आकडा उच्चारला नाही. काकू मात्र दुकान बंद होईपर्यंत सांगत होती.