मिठागरातले हात

कुस्तीत मी आयुष्यात एकाच माणसाला फसवलं, आणि त्याच्यासारखा दिलदार पैलवान मला पुन्हा भेटला नाही.

आम्ही तळ्याच्या बाजूचे भातशेतीवाले. एकोणीसशे तिसाच्या आसपासची ही गोष्ट. तोवर माझी पाठ कुठल्याच जत्रेत मातीला लागली नव्हती. आमच्या म्हाताऱ्या वस्तादांना मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते मीच. माझ्यापायी त्यांनी घरचं दूध आटवलं, शेत खंडाने दिलं. त्या चैत्रात अलिबागेकडच्या एका खाडीकाठच्या गावी चांदीच्या कड्याची कुस्ती लागली, तेव्हा तब्येत बरी नसतानाही ते हट्टाने माझ्याबरोबर निघाले.

समोर आला तो मिठागरात राबणारा गडी. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, काळाकुळकुळीत, बोलायला कमी. सलामीला हात मिळवला तर माझा तळहात खरवडून निघाला. मिठाने त्याचं कातडं जाड होऊन चिरलं होतं, लाकडाच्या सालीसारखं. हे मिठाचंच काम, हे कळायला फार शहाणपण लागत नव्हतं.

कुस्ती कसली, शिकवणीच होती ती. घामाने निथळत कुठल्याही पकडीतून निसटायची मला सवय, पण त्याच्या हातातून काही केल्या सुटेना. त्याने पट काढून मला खाली घेतलं, एक खांदा टेकवला. दुसरा टेकायला वीतभर राहिला आणि माझी नजर वस्तादांवर गेली. ते उठून उभे राहिले होते. चेहरा पांढराफटक. मी ओरडलो, "यानं हाताला राळ लावलीय!"

होड्यांच्या गावात फटी बुजवायची चिकट राळ घरोघर. लोकांना लगेच पटलं, पंचांनी कुस्ती सोडवली.

"राल न्हाय ती, मिठाचा हात हाय," तो म्हणाला. मग आपणहूनच, "पानी आना, धुतंय."

चहावाल्याच्या पालातून ऊन पाणी आलं, चुलीतली राख आली. एवढ्या लोकांसमोर तो उकिडवा बसून हात चोळत राहिला. शिवी नाही, कुरकुर नाही. त्याच्या जागी मी असतो तर खोटं बोलणाऱ्याचं थोबाड फोडलं असतं. भेगा उघडल्या, रक्त आलं. पंचांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "स्वच्छ आहे हात. कुस्ती तुझीच."

"न्हाय, परत लावा. पयल्यापासून. कुनाला संशय ऱ्हायला नको."

दुसऱ्या खेपेला त्याची पकड रक्ताने सुटत होती. तरी त्याने मला चांगलं झुंजवलं. शेवटी मी त्याला चीत केलं, लोकांनी मला खांद्यावर घेतलं, आणि खरं सांगतो, घटकाभर मला आनंदच झाला.

खाली उतरलो तेव्हा तो गळाभेटीला आला. माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "राल न्हाय ते तुला ठावं व्हता ना?"

मी मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हितं बोलू नको," तो म्हणाला. "लोक तुझ्या म्हाताऱ्याला हसतील. घरी गेल्यावर सांग त्याला." आणि माझी पाठ थोपटून, हाताला फडकं गुंडाळत तो गर्दीतून निघून गेला. हरलेला माणूस असा ताठ चालताना मी तेव्हाच पाहिला.

सांगणारच होतो. वाटेत सांगणार होतो, मग घरी पोचल्यावर, मग दिवाळी झाल्यावर. चार वर्षं गेली. वस्ताद शेवटचे अंथरुणाला खिळले तेव्हा भेटायला येईल त्याला ते हीच कुस्ती सांगत, राळेसकट. समोरचा लबाड होता, म्हणत. मी उशाशी बसून त्यांचे पाय चेपत असे, आणि ते माझ्याकडे वळून "होय की नाही रे?" असं विचारत, तेव्हा होय म्हणत असे.