पलंगाखाली तासगाव, बंगळूर आणि करडी

गेला आठवडाभर मला धड झोप नव्हती. पिंकीचा पहिलीच्या प्रवेशाचा इंटरव्ह्यू होता, आणि आमच्या पलंगाखाली वाइनच्या तीन बरण्या होत्या. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं ज्यांना वाटतं त्यांनी पिंकीला पाहिलेलं नाही. ती पाच वर्षांची आहे आणि तिच्या पोटात काही राहत नाही. दूधसुद्धा नाही.

यांचं म्हणणं, "झोप ग. मुख्याध्यापिका काही पलंगाखाली वाकून बघणार नाहीत."

त्यांना वाकायची गरजच पडणार नव्हती, हीच तर काळजी होती.

जवाहरनगरच्या क्वार्टर्समध्ये किस्से एवढे का साचतात, त्याचं कारण सोपं आहे. नवरे सकाळी बसने दारूगोळ्याच्या फॅक्टरीत जातात, आणि तिथे काय करतात हे घरी सांगायची त्यांना बंदी. मग संध्याकाळी बोलायला आमच्याच भानगडी उरतात. आमच्या ओळीत आम्ही चौघी. केरळची लिली, हैदराबादची पद्मा, पोस्टात नोकरी करणाऱ्या मेश्रामताई, त्या इथल्याच, भंडाऱ्याच्या. आणि मी, तासगावची लेक आणि करडीची सून. लिलीला नाताळच्या केकसाठी घरची लाल वाइन लागते. मार्चमध्ये द्राक्षं मुरत घालायची आणि डिसेंबरात बाटलीत भरायची. एकटीनं करण्यापेक्षा चौघींनी करू, असं कोण म्हणालं ते आता कोणीच कबूल करत नाही.

* * *

पहिल्या वर्षी लिलीनं नागपूरच्या बाजारातून काळी द्राक्षं आणवली. टपोरी, चकचकीत, पातळ सालीची. खायला फार छान. वाइन मात्र निघाली लग्नातल्या सरबतासारखी, फिकट गुलाबी.

द्राक्षं काळी आणि रस गुलाबी, हे कसं, असं मी विचारलं. लिलीनं एक द्राक्ष सोललं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. आत पांढुरकं हिरवं. रंग सगळा सालीत. साल जाड असेल तर वाइन गडद, पातळ असेल तर ही अशी.

माझ्या माहेरी मागच्या दारापासून बाग सुरू होते. जन्मभर द्राक्षं खाल्ली, पण सोलून कोण बघतंय?

मेश्रामताई पद्माला म्हणाल्या, "अन् हे बी. एस्सी. आहे म्हन्तेत."

* * *

पुढच्या वर्षी पद्मा एलटीसीची प्रवाससवलत घेऊन माहेरी गेली, आणि येताना अख्ख्या प्रवासात द्राक्षांची टोपली मांडीवर धरून आली. लांबट, मोठी, पारदर्शक हिरवी. आमच्या मातीतच साखर आहे, हे ती बल्लारशापासून सांगत आली असणार. गोडीला खरंच तोड नव्हती. पण हिरव्या द्राक्षाची लाल वाइन होणार कशी? निघाली ती पातळ चहाच्या रंगाची.

पद्मा हरणारी बाई नाही. तिनं कोणाला न सांगता बरणीत बीट किसून घातलं. नाताळला ग्लास समोर आले तेव्हा रंग असा, की लिलीचा चेहराच पडला. मेश्रामताईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले, बराच विचार केला.

"पद्माबाई, कोशिंबीर मस्त झाली. फक्त दही राह्यलं."

* * *

मग लिलीच्या भावानं बंगळूरहून करंडी पाठवली. बारकी, निळसर काळी, जाड सालीची, बियांनी भरलेली द्राक्षं. खायला घेतली तर जिभेला आंबट आणि हिरडीला तुरट. लिली म्हणाली, वाइनला हेच लागतं. तिकडे हवा थंड, म्हणून आंबटपणा टिकतो. तिनं आम्हाला वाटे करून दिले आणि बजावलं की हातानंच कुस्करायची.

आमच्याकडे तेव्हा नवा मिक्सर आला होता. मी बी. एस्सी. जितका बारीक लगदा तितका जास्त अर्क, असा माझा हिशेब. बियांसकट वाटून काढली. रंग असा उतरला की जांभळानं लाजावं. नाताळात मोठ्या ऐटीत यांना ग्लास दिला. यांनी घोट घेतला, गिळला, आणि शांतपणे विचारलं, "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

लिलीची मात्र सुरेख झाली होती. करंडी एकच, गाव एकच. बियांचा कडूपणा तेवढा माझा स्वतःचा.

* * *

बंगळूरचं द्राक्ष एवढं चांगलं, तर वेलच इथे लावू, ही माझी कल्पना. कलम आलं, कुंपणाजवळ लावलं, दोन वर्षांत मांडव भरला. लिलीनं सांगितलं होतं की फळ धरल्यावर पाणी तोडायचं. वेलाला थोडा त्रास झाला तरच द्राक्षाला चव येते. आणि नेमक्या त्याच वेळी मला तापानं धरलं, म्हणून करडीहून सासूबाई आल्या.

सासूबाईंचा जन्म धानाच्या शेतात गेला. त्यांनी वेलाची कोरडी माती पाहिली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोराला उपाशी ठेवलंय.

"काहून व, याले पानी नाही दिलं?"

मी अंथरुणातून समजावलं. त्या हो म्हणाल्या. ताप उतरल्यावर बाहेर येऊन बघते, तर वेलाभोवती चारी बाजूंनी मातीची पाळ घातलेली, आत घोट्याएवढं पाणी, आणि पिंकी चड्डी वर ओढून त्यात चिखल तुडवतेय. सासूबाईंनी माझ्या द्राक्षाची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, केली होती. फक्त रोवणी करायची राहिली होती.

द्राक्षं बोराएवढी फुगली. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवायच्या. लिलीनं एक तोंडात टाकलं आणि हिंदीत म्हणाली, वेल बंगळूरचा असेल, पण आत करडीचा तलाव आहे.

तरी मी ती मुरत घातली. नाही म्हटलं असतं तर सासूबाईंना काय वाटलं असतं? त्यांना मी सांगितलं होतं, पिंकीसाठी औषध करतेय.

* * *

याच मार्चमध्ये दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तासगावहून काळ्या द्राक्षांची पेटी पाठवली. बंगळूरची ती जुनी कडू आणि आमच्या वेलाची बरणी आधीच पलंगाखाली होती. ही तिसरी. घरात त्यांची नावंच पडली होती, बंगळूर, करडी आणि तासगाव. या खेपेला सगळं नीट केलं. हातानं कुस्करली, बिया अख्ख्या ठेवल्या. एकच गोष्ट विसरले. तिकडचं ऊन कडक, जमीन मुरमाड, पाणी जेमतेम. त्या द्राक्षात मुळातच साखर इतकी, की वरून घालायची तर हात राखून घालावी. मी बंगळूरच्या मापानं घातली. आणि मुंग्या लागू नयेत म्हणून झाकण घट्ट आवळून बांधलं.

चैत्राचं हळदीकुंकू होतं. पन्हं वाटून झालं होतं. पलंगावर यांच्या फोरमनच्या मिसेस बसल्या होत्या. त्या मुख्याध्यापिकाबाईंच्या शेजारी राहतात. आणि त्यांच्या बरोबर खाली, आत कोंडलेल्या वायूनं दोरी सुटून बरणीचं झाकण पलंगाच्या फळीवर आपटलं.

मी घाईघाईनं म्हटलं, "मांजर आहे."

पिंकी म्हणाली, "मांजर नाही, तासगाव आहे."

मेश्रामताईंनी लगेच मोठ्यानं उखाणा घ्यायला सुरुवात केली, हे त्यांचे माझ्यावर उपकार. पण फोरमनच्या मिसेस वाकून बघायच्या ते बघून गेल्या. जाताना नुसतं हसल्या. त्या हसण्याचा अर्थ लावण्यातच माझा एप्रिल गेला.

* * *

टाकून का दिली नाही, असं तुम्ही विचाराल. यांनीही विचारलं. पण झाकण उडाल्यावर मी बोट बुडवून चाखलं होतं. गडद, गोड, मागून जराशी तुरट. दादांच्या बागेतली दुपार होती ती. बाकी दोन ओतल्या असत्या, ही ओतवेना. आणि दुसरीकडे ही शाळा. टाउनशिपमध्ये एवढी एकच चांगली, जागा थोड्या, आणि मुख्याध्यापिकाबाई अशा कडक, की त्यांच्यासमोर फॅक्टरीतले मोठे साहेबसुद्धा उभे राहून बोलतात. घरात दारू गाळतात असं एकदा त्यांच्या कानावर पडलं, की मग नंतर केक दाखवून काय उपयोग?

म्हणून पिंकीची तयारी करून घेतली. मम्मी घरी काय करते? स्वयंपाक करते, शिवण करते, पुस्तक वाचते. पलंगाखाली काय आहे ते कोणी विचारणार नाही, आणि आपणही सांगायचं नाही.

"काहून?"

"असंच."

"असंच म्हंजे काहून?"

रोज सकाळ-संध्याकाळ घोकून घेतलं. बसस्टॉपवर घेतलं, आंघोळीत घेतलं. इंटरव्ह्यूच्या दिवशी वेणी घालताना पण घेतलं.

मुख्याध्यापिकाबाईंनी नाव विचारलं, आकडे विचारले, कविता म्हणायला लावली. पिंकीनं सगळं झकास सांगितलं. मग त्यांनी चित्रांचे पुठ्ठे काढले. आंबा, केळं, आणि तिसरा पुठ्ठा द्राक्षांचा. मी साडीचा पदर मुठीत धरला.

"हे काय आहे?"

"द्राक्षं."

"शाबास. रंग कोणता?"

पिंकीनं पुठ्ठा हातात घेतला, उलटा करून मागून पाहिला. "सोलून का सालीसकट?"

बाईंनी चष्मा काढला. माझ्याकडे त्यांनी बघितलंच नाही. टेबलावर हात टेकून त्या पुढे झुकल्या आणि अगदी हळू विचारलं, "मम्मी घरी काय करते ग?"

स्वयंपाक, शिवण, पुस्तक. मी मनातल्या मनात ओरडत होते.

पिंकी म्हणाली, "घाबरते."

"कशाला घाबरते?"

"मी सांगून देईन म्हून."