मुलाखतीची तालीम

आमच्या लोकांत सरकारी नोकरीचा पगार विचारत नाहीत. हातावर पडलेला प्रसाद तोलून पाहावा, तसे ते वाटते. विदर्भातून भिलाईला आलेल्या माझ्या पिढीला कारखान्याचे बोलावणे आले आणि आम्ही हजर झालो. काम काय आणि हाती किती, हे नंतर कळले.

त्यामुळे सुनेच्या मुलाखतीची वेळ आली तेव्हा, तिकडे काही विचारावे, हे घरात कोणाला सुचले नाही. सून शिकलेली नर्स. सरकारी आरोग्य केंद्रात कंत्राटी जागा निघाल्या होत्या. जाहिरातीत मानधन ‘नियमानुसार’ आणि काम ‘आवश्यकतेनुसार’, एवढेच होते. मुलगा हथखोजच्या एका कारखान्यात पाळीवर जातो. नात दोन वर्षांची, आईवाचून झोपत नाही. मी आयुष्यभर पाळ्या केल्या आहेत. ‘आवश्यकतेनुसार’ या शब्दात रात्र असते, हे मला ठाऊक होते.

आदल्या संध्याकाळी मी म्हणालो, तालीम घेऊ. साहेब मी झालो. समोर खुर्ची ठेवून तिला बसायला सांगितले. ती दाराशीच उभी राहिली. आमच्या घरी सून सासऱ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. मला काही सांगायचे असले तर ती सासूला सांगते, मी त्याच खोलीत असलो तरी.

“आई, मामाजीले सांगा ना, मी उभ्यानंच सांगते.”

“तिथं साहेबासमोर उभी राहशीन का?” पत्नी मेथी निवडत होती. “बस. या साहेबाले मी पाहून घेते.”

ती खुर्चीच्या कडेवर बसली. शिक्षण, अनुभव, सगळे हिंदीत नीट सांगितले. शेवटी मी विचारले, “आपको कुछ पूछना है?”

“नहीं सर.”

“विचार.”

“आई, काय विचारू?”

“मला विचार. पगार किती, नेमणूक कुठे, रात्रपाळी किती.”

“लग्न झाल्यापासून मी नाही विचारला तुमाले पगार,” पत्नी म्हणाली. “ही पोरगी एका दिवसात कशी विचारीन?”

“तू कशाला विचारशील? पाकीट तूच उघडायचीस.”

सून तोंडावर पदर धरून हसली. मग पदराआडूनच म्हणाली, “सर, नाइट ड्यूटी कितनी रहेगी?”

पदर काढून विचार, मी म्हणालो. तिने पुन्हा विचारले. या वेळी आवाज थोडा मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला स्कूटरवर दुर्गला, जिल्ह्याच्या ठिकाणी, मुलाखतीला नेले. ती आत गेली, मी बाहेर बाकावर बसलो. बऱ्याच वेळाने ती आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिने इकडेतिकडे पाहिले. सासू तिथे नव्हती.

“काय झालं?”

“विचारलं,” ती म्हणाली. “पगार ठीक आहे. एक आठवडा दिवसाची ड्यूटी, एक आठवडा रात्रीची. केंद्र दूर आहे, पण बसनं जाणं-येणं होते.”

“मग?”

“मी म्हटलं, पोरगी लहान आहे, रात्रीचं घरी पुसा लागन. साहेबानं विचारलं, साथ में कौन आया है? मी म्हटलं, ससुरजी. तर म्हणे, जाइए, पूछ के आइए.”

मी मदत केली नाही. तिने स्वतः विचारावे, असे मला वाटत होते.

“मामाजी, रात्री ती तुमच्यापाशी राहील का?”

“उठली तर काय देतेस?”

“कोमट पाणी. दूध नाही.”

“रडली तर?”

“खांद्यावर घेऊन आंगणात फिरवा लागते.”

“किती वेळ?”

“झोपेपर्यंत. आपण बसलो का पुन्हा रडते.”

“बसणार नाही. जा, आत वाट पाहत आहेत.”

ती गेली. मी बाकावर बसून राहिलो. उजवा खांदा आता पूर्ण वर जात नाही. डावा चांगला आहे.