सुनीताचं मनगट आणि रॅकेटची पकड

"बाई, हिचं नाव काढा. खेळ बास झाला आता."

सुनीताची आई हॉलच्या दारातूनच म्हणाली. शेजारी नववीतली सुनीता, उजवं मनगट टम्म सुजलेलं. कळंबला घरी दोन गाई. धार काढायचं काम सुनीताचं, आणि दोन दिवस तिला ते जमत नव्हतं. तालुक्याची बॅडमिंटन स्पर्धा पंधरा दिवसांवर आलेली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मंचरच्या शाळेत मी पीटीची बाई. मी स्वतः खो-खोची. बॅडमिंटन पुस्तकात बघून शिकवायचे. पकड, म्हणजे ग्रिप, कशी हवी? पुस्तकात एकच वाक्य होतं: रॅकेटशी शेकहँड करा. मी तेच पोरींना सांगत होते, आणि सुनीता रॅकेट तव्यासारखी आडवी धरायची. मग शटल मारायला मनगट पिरगळायची. सुजणार नाही तर काय!

पण ती अशी का धरते, हे मला कळेना. "आईसमोर दाखव बरं," म्हणत मी हात पुढे केला. "कर शेकहँड."

सुनीतानं तळवा वर करून हात पुढे केला. तीर्थ घेतात तसा.

मी बघतच राहिले. अहो, या पोरीनं जन्मात कुणाशी शेकहँड केला नव्हता! आमच्याकडे बायका नमस्कार करतात, पाया पडतात. हात कोण मिळवतंय? आणि मी दोन महिने तेच घोकून घेत होते. लाज वाटली मला.

"ताई, तुम्ही धरा बरं ही," मी रॅकेट आईच्या हातात दिली.

"मला काय येतंय त्यातलं?"

"कोयता समजा. कुंपणाची काटेरी फांदी तोडायचीय."

तिनं रॅकेट घेतली. कड खाली, अंगठा बाजूला. अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी! मी तिच्या मुठीला हात लावला. मूठ सैल होती.

"घट्ट नाही धरत?"

"आवळून धरलं तर दुपारपातुर हात जातोय, बाई. फांदीला लागतंय तवाच आवळायचं." मग लेकीकडे वळून, "कोयता न्हाई का धरत तू? तसं धर की गं!"

सुनीतानं तशी धरली आणि हवेत दोनदा फिरवली. मनगट सरळ राहिलं.

तरी आई सहज ऐकणारी नव्हती. "सूज उतरू द्या. मग एक दिवस खेळवा. दुसऱ्या दिवशी धार काढता आली तर ठीक, न्हाईतर नाव काढायचं."

चार दिवसांनी खेळवलं. त्या रात्री मला झोप नाही. सकाळी पोरगी धार काढून हसत आली.

स्पर्धेत सुनीता दुसऱ्या फेरीत हरली. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा दारात. आता नाव काढायलाच आली, असं मी धरून चालले.

"दोन्ही गाई हिनंच पिळल्या सकाळी," ती म्हणाली. "आता मला सांगा, हरली कशी काय?"

"बॅकहँड कच्चा आहे. म्हणजे डाव्या अंगाला आलेलं शटल."

"मग शिकवा की! आमी काय न्हाई म्हणलं व्हय?"

समोरच्याच्या हाताला काय येतं, ते आधी विचारावं. एवढं कळायला मला बारा वर्षं नोकरी करावी लागली.