काकूंची पुढेच जाणारी गाडी

चष्म्यांच्या दुकानातल्या काकू खोटं बोलत नसत. खऱ्यातला कोणता भाग सांगायचा आणि कोणता गिळायचा, एवढं मात्र त्यांना एकतीस वर्षांच्या धंद्यात बरोबर कळलं होतं. "नंबर वाढलाय" म्हटलं की गिऱ्हाइकाचं तोंड उतरतं. "डोळ्यांना आता थोडी मदत हवी" म्हटलं की तोच माणूस आरशासमोर फ्रेम लावून बघायला लागतो.

त्यांची गाडी होती सतरा वर्षांची, ऑटोमॅटिक. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं त्यांच्याच्याने होईना, तेव्हा ती घेतलेली. "हिच्यात डावा पाय जावयासारखा नुसता बसून असतो," असं त्या कौतुकाने सांगत. ही गाडी होती म्हणून दुकान होतं, मैत्रिणी होत्या, भाजी स्वतः निवडून आणणं होतं.

त्यांच्या मुलाचं मत वेगळं होतं. त्याचं काम लिफ्टची तपासणी करण्याचं. कुठे एक स्क्रू सैल दिसला तर सगळी इमारत जिने चढायला लावणारा माणूस. गेल्या खेपेला रेडिएटर गळला तेव्हा त्याने आईला बजावलं होतं, "आता आणखी एक बिघाड, की गाडी भंगारात. मग कुठे जायचं तर मला सांगायचं, मी नेईन."

"तू नेशील," काकू म्हणाल्या होत्या, "महिन्यातून दोनदा, घड्याळ बघत."

आणि नेमका आणखी एक बिघाड झाला. आधी गाडी सुरुवातीलाच अडायला लागली. दांडा पुढे घेतला की इंजिन ओरडायचं आणि गाडी मात्र, उठू की नको अशा विचारात पडल्यासारखी, जागच्या जागी. मग एकदम हिसका देऊन निघायची. आठवडाभराने रिव्हर्स गिअर पूर्णच गेला. काकूंनी गाडी नेली ती गॅरेजवाल्याकडे. त्याला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण त्याची निम्मी उत्तरं त्याच शब्दाने सुरू होत.

सावकाशने गिअरबॉक्समधली ऑइलची काडी ओढून पांढऱ्या फडक्यावर पुसली. डाग काळपट तपकिरी उमटला. "हे लालभडक असायला हवं. वास घ्या."

काकूंनी नाक जवळ नेलं. "करपलंय."

"करपलंयच. आतल्या प्लेटा झिजल्यात. गिअरबॉक्स उतरवायला लागेल, आणि या गाडीचे पार्ट यायला दीड महिना."

"नुसतं नवं ऑइल घालून भागवा ना, भाऊ."

"सावकाश, काकू. इतक्या जुन्या गिअरबॉक्सला आज एकदम नवं ऑइल पाजलं, तर आहेत तेही गिअर जायचे. गाडी उभी ठेवा, हे सगळ्यात बरं. अगदीच अडलं तर जवळपास, हळू, आणि पुढेच."

एवढ्या सल्ल्यातलं शेवटचं वाक्य काकूंनी जपून घरी नेलं.

त्या दिवसापासून काकू पुढेच जाऊ लागल्या. घरातून दुकानात जाताना कुठे चौक आहे, कुठे वळसा घालता येतो, कुठे गल्ली पलीकडे निघते, सगळं त्यांना पाठ झालं. गाडी लावायची ती अशा जागी, की पुढे मोकळं आणि थोडा उतार. मैत्रिणीच्या घराचं फाटक अरुंद होतं, म्हणून त्यांनी मैत्रिणीलाच कोपऱ्यापर्यंत चालायला लावलं. "तुला व्यायाम हवाय," त्या म्हणाल्या. तेही काही खोटं नव्हतं.

एकदा मात्र पंचाईत झाली. दुकानासमोर पावाच्या व्हॅनवाल्याने गाडीच्या पुढ्यात जेमतेम माणूस मावेल एवढी जागा सोडून व्हॅन उभी केली आणि तो कुठेतरी गायब झाला. काकूंना तर पाचला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. दुकानात त्या वेळी एक निवृत्त सुतार नंबर तपासून घ्यायला बसले होते. चांगले खांदे होते त्यांचे.

"लांबचा नंबर बाहेरच्या उजेडात बघू या," काकू म्हणाल्या.

सुतार बाहेर आले. "त्या माझ्या निळ्या गाडीची पाटी वाचा." सुतारांनी वाचली. "आता जवळ जाऊन वाचा. आणखी जवळ. आता दोन्ही हात बॉनेटवर ठेवा."

"हात कशाला?"

"मान स्थिर राहते." काकू तोवर आत बसून दांडा न्यूट्रलला घेत होत्या. "आता जरा जोर लावून बघा बरं."

गाडी पाच हात मागे गेली तेव्हा सुतारांना शंका आली. "काकू, ही डोळ्यांची तपासणी आहे की खांद्यांची?"

"दोन्ही उत्तम आहेत," काकू खिडकीतून म्हणाल्या. "काचा मात्र बदलाव्या लागतील."

असा महिना गेला. एका रविवारी सकाळी मुलगा न सांगता आला. त्याला घरासाठी कुंड्या घ्यायच्या होत्या. "चल आई, तुझ्याच गाडीने जाऊ. मी चालवतो." किल्ली त्याने खुंटीवरून काढलीसुद्धा. आता नाही म्हणावं तर का ते सांगावं लागणार. चोराच्या मनात चांदणं, तशा काकू गुपचूप शेजारी बसल्या.

गाडीने पहिला हिसका दिला तेव्हा मुलाने भुवया वर केल्या. "थंड आहे अजून," काकू म्हणाल्या.

रोपवाटिकेची गल्ली अरुंद, दोन्हीकडे भिंती, आणि शेवटी कुलूपबंद फाटक. रविवारची सुट्टी. गल्लीच्या तोंडाशीच काकूंना ते दिसलं होतं. त्यांनी सांगायला तोंड उघडलंही. मग काय मनात आलं कोण जाणे, मिटलं.

मुलाने रिव्हर्स टाकला. इंजिन ओरडलं, गाडी ढिम्म. पुन्हा टाकला, पुन्हा ढिम्म. काकूंनी चष्मा नाकावर सरकवून त्याच्याकडे बघितलं आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता विचारलं, "काय केलंस रे गाडीला?"

लिफ्ट तपासणारा तो माणूस लहानपणी बरणी फोडल्यावर व्हायचा तसा गोरामोरा झाला. खाली उतरला, बॉनेट उघडून ऑइलची काडी बघितली, आणि एक शब्द न बोलता गाडी ढकलायला लागला. रस्त्यापर्यंत घामाघूम. गॅरेजवाला सावकाश टोचन गाडी घेऊन आला, त्याने एकदा काकूंकडे पाहिलं आणि पुटपुटला, "होतं असं कधी कधी." मुलगा म्हणाला, "माझ्या हातून झालंय, दुरुस्त मी करून देतो."

काकूंना वाटलं होतं, जिंकले. पण पोराचा तो गोरामोरा चेहरा तीन दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. चौथ्या दिवशी त्या बसने मुलाच्या घरी गेल्या आणि दारातच म्हणाल्या, "रिव्हर्स महिन्यापूर्वीच गेला होता. तू काही केलं नाहीस."

"माहीत आहे."

"सावकाशने सांगितलं?"

"ऑइलने. आई, यंत्रं तपासतो मी. ऑइल इतकं करपायला महिने लागतात, एका गल्लीत करपत नाही."

"मग निमूट ढकलत का बसलास?"

"तू किती वेळ तोंड सरळ ठेवतेस ते बघत होतो." तो हसला. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "आणि ढकलता ढकलता वाटलं, माझ्याच धाकाने लपवलंस तू. ती मोडकी गाडी घेऊन महिनाभर रस्त्यावर होतीस, आणि मला पत्ता नाही. भंगाराचं पुन्हा नाही काढणार. पण बिघडलं की पहिला फोन मला."

काकूंनी उगाच त्याच्या चष्म्याची वाकडी झालेली काडी सरळ करून दिली. "कबूल," त्या म्हणाल्या.

पार्ट आले, गिअरबॉक्स उतरला, चढला. गाडी आता मागे जाते, पुढे जाते, थंड असताना थोडी कुरकुरते. महिनाभराने मुलाचा फोन वाजला.

"हॉर्न गेलाय," काकू म्हणाल्या.

"कधी?"

"आज सकाळी."

"आई."

"बरं, परवा."